चौथा गडी

"हलू नकोस. टोचेल," तोंडात सेफ्टी पिना धरूनच टेलर म्हणाला आणि त्यातली एक काढून त्यानं मास्तरांच्या छातीवर नंबर अडकवायला घेतला.

मास्तर हात वर करून, पोट आत ओढून उभे होते. हे मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे. अख्खं आयुष्य शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढल्यामुळे त्यांच्या उजव्या पायाला एक खोड जडली होती. समोर काहीही अचानक आलं की तो पाय आपोआप ब्रेक दाबायचा. घरात सून चहाचा ट्रे घेऊन जरा घाईनं आली तरी मास्तरांचा पाय फरशीत रुतायचा. असला पाय घेऊन माणसानं धावण्याच्या शर्यतीत उतरावं का, हा विषय घरात बरेचदा निघाला होता आणि प्रत्येक वेळी मास्तरांनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला होता.

कारण ही शर्यत साधीसुधी नव्हती. साठी उलटलेल्यांची आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री! सपाट रस्ता सोडून गवतातून, चढावरून, ओढ्यातून, चिखलातून धावायचं. कुठकुठल्या देशांतले म्हातारे विमानं पकडून आले होते, आणि यंदा शर्यत होती ती मास्तरांच्याच गावाबाहेरच्या टेकड्यांवर. टेलर, पोस्टमन, बँकवाला आणि मास्तर अशी चौघांची जुनी टीम पुन्हा जमली होती. तरुणपणी हे चौघे एकत्र धावायचे. पहाटे कालव्याच्या कडेनं, एकमेकांच्या श्वासावर पाय टाकत. तेव्हा त्यांना एकसारखे बनियन हवे होते म्हणून टेलरच्या वडिलांनी दुकानातल्या उरलेल्या पडद्याच्या कापडाचे चार शिवून दिले. हिरव्यावर पिवळी फुलं. लोक हसायचे, पण चौघं कुठूनही ओळखू यायचे. यंदाही टेलरनं तसलंच कापड कुठूनतरी पैदा केलं होतं. फक्त पूर्वी ज्या कापडात चार बनियन बसले होते, त्यात आता जेमतेम अडीच बसत होते.

नंबर मात्र तेव्हाही टेलरच लावायचा आणि आजही तोच लावत होता. बाकीच्यांनी लावला की पिन टोचायची किंवा नंबर वाकडा बसायचा. तेव्हापासून सवय अशी लागली की आपला नंबर कोणता, हे चौघांपैकी कोणी कधी बघायचंच नाही. "नंबर तुझ्या छातीवर असतो. तो दुसऱ्यानं वाचायचा," असं टेलरचं म्हणणं. मास्तरांनी तर चष्माही पिशवीत टाकला होता. या नंबराच्या मागे एक बारकी चिप होती, म्हणजे कोण कुठे पोचलं ते घरच्यांना फोनवर दिसणार होतं. प्रत्येकाचा एक निळा ठिपका. हे टेलरनंच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. फारच बारकाईनं समजावून सांगितलं होतं, हे मास्तरांच्या नंतर लक्षात आलं.

"तुझ्या पोरीनं परवानगी दिली शेवटी?" मास्तरांनी विचारलं. टेलरच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसला होता आणि त्याची मुलगी हृदयाचीच डॉक्टर होती. बापाला ती पेशंटसारखी धाकात ठेवायची आणि वर लेकीची मायाही लावायची, त्यामुळे त्याची दुहेरी पंचाईत व्हायची.

"दिली. चालायचं म्हणाली. धावायचं नाही. हॉस्पिटलमधून ठिपक्यावर नजर ठेवणार आहे."

"मग चालणार तू?"

"म्हणजे काय! झालं, कर पोट मोकळं," टेलर म्हणाला आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारून पुढे गेला.

आता मास्तरांच्या मनातलं सांगायला हवं. क्रॉसकंट्रीत टीम जिंकते ती पहिल्या गड्याच्या जोरावर नाही. चौघं कितवे आले ते आकडे एकत्र धरतात, आणि चौथा पोचलाच नाही तर पुढच्या तिघांच्या धावण्याला काही किंमत नाही. टीम मोजलीच जात नाही. मास्तर कायमचे चौथे. तरुणपणी एकदाच ते चौघे परदेशात आंतरराष्ट्रीय शर्यतीला गेले होते, उसने कोट घालून. तिथलं गवत ओलं, हवा अशी गार की श्वास दाताला लागायचा. मास्तर शेवटच्या वळणावर आले तेव्हा तिथली माणसं शेवटच्या वाटेला दोन्ही बाजूंनी बांधलेले दोर गुंडाळायला लागली होती. पलीकडे हिरव्यावर पिवळ्या फुलांचे तीन बनियन उड्या मारत ओरडत होते, "ये रे! ये! तू आलास की झालं!" दोर गुंडाळणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तो पुन्हा सोडला, डोक्यावरची टोपी काढली आणि मास्तरांना वाट करून दिली. टीम मोजली गेली. त्या क्षणाइतकं सुख मास्तरांना नंतर फारसं मिळालं नाही. लग्नातही नाही, पण हे ते घरात बोलत नसत.

घरी आल्यावर नवी नवरी दारात उभी होती. "कितवे आलात?"

"शेवटून तिसरा."

"असू दे," ती मायेनं म्हणाली होती.

झालं! तेव्हापासून मास्तर तिला समजावत होते. जेवणाच्या टेबलावर चार चमचे मांडायचे, चौथा उचलायचा आणि म्हणायचे, "बघ, आता हे तीन काही कामाचे नाहीत." ती तो चौथा चमचा घेऊन आमटीत घालायची आणि म्हणायची, "असू दे हो. तब्येत चांगली राहते, हे काय कमी आहे?" तिनं त्यांना धावताना कधी पाहिलंच नव्हतं. पोरं लहान, मग पोरांच्या परीक्षा, मग सासूबाईंचं दुखणं. आणि नंतर मास्तरांचं धावणंच सुटलं. आज पहिल्यांदाच ती येणार होती. शेवटच्या दोरापाशी घडीची खुर्ची टाकून, विणकाम घेऊन बसणार होती. आपण शेवटी येतो ते कशासाठी, हे एकदा तिनं डोळ्यांनी बघावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती. वयाच्या मानानं ही इच्छा काही फार मोठी नव्हती.

शिट्टी झाली आणि म्हाताऱ्यांचा लोंढा निघाला. पहिल्याच चढावर मास्तरांनी पाहिलं, टेलर पुढे चालला होता. चालला होता म्हणजे अक्षरशः सुसाट. "अरे, चाल!" मास्तर ओरडले, पण तोवर पिवळी फुलं झाडीत दिसेनाशी झाली. पोस्टमन गेला, बँकवालाही गेला. मास्तर मागे राहिले आणि त्यांना एकदम बरं वाटलं. ही जागा ओळखीची होती. पुढे कोणाची तरी पाठ लांब लांब जातेय, मागे कोणी दिसत नाही, कानात आपलाच श्वास आणि बुटाखाली दबलेल्या गवताचा वास. मधली सगळी वर्षं, क्लच आणि गिअर आणि "आरशात बघा, आरशात!" हे सगळं कुठेतरी बाजूला पडलं. ओल्या गवतावर ते पुन्हा बाविशीचे झाले. फक्त गुडघ्यांना कोणी हे कळवलं नव्हतं.

ओढा मात्र अचानक आला. वळण घेतलं आणि समोर एकदम चिखल. मास्तरांच्या उजव्या पायानं जन्माची सवय पाळली. त्यानं कचकन ब्रेक दाबला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डावा टेकला, तर तोही गेला. तोल सावरायला हात टेकले आणि तोंडावर चिखलाचा सपकारा बसला. मास्तर ओढ्याच्या मधोमध असे उभे राहिले की नवीन माणसाला वाटावं, कोणीतरी पुतळा बसवलाय आणि उद्घाटन व्हायचंय.

इकडे हे होत असताना तिकडे काय घडत होतं, ते मास्तरांना नंतर कळलं. पण आपण आत्ताच सांगून टाकू. हॉस्पिटलमध्ये टेलरची मुलगी बापाचा ठिपका बघत होती. ठिपका शहाण्यासारखा मागून मागून हळूहळू सरकत होता आणि तिला बापाचा अभिमान वाटत होता. तेवढ्यात ठिपका थांबला. थांबला तो थांबलाच. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं शर्यतीच्या जागी उभी असलेली अँब्युलन्स फोन करून ओढ्याकडे पिटाळली आणि वर ताकीद दिली, "ते म्हणतील मला काही झालेलं नाही. अजिबात ऐकू नका. उचलून आणा."

आणि शेवटच्या दोरापाशी मास्तरीणबाईंना मुलाचा फोन आला. "आई, बाबा तिसरे आहेत! अगं, आख्ख्या शर्यतीत तिसरे!"

मास्तरीणबाईंनी दोन टाके घातले. मग म्हणाल्या, "शक्यच नाही."

"अगं, फोनवर दिसतंय!"

"फोनला काय कळतंय! इतक्या वर्षांत ते भाजी आणायलाही कोणाच्या पुढे गेलेले नाहीत. काहीतरी गोंधळ आहे. मी बघते." त्यांनी सुया पिशवीत खुपसल्या आणि शर्यतीच्या वाटेनं उलट्या दिशेनं चालू लागल्या.

ओढ्यात अँब्युलन्सवाला अटेंडंट मास्तरांपर्यंत पोचला होता. त्यानं आधी छातीवरचा नंबर वाचला, मग मास्तरांची नाडी धरली. "काका, हलू नका."

"हलता आलं असतं तर इथं कशाला उभा राहिलो असतो?"

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"नाहीच म्हणणार. डॉक्टर म्हणाल्याच होत्या. तुम्ही टेलर ना?"

"कोण? मी ड्रायव्हिंग शिकवतो."

अटेंडंटनं खेदानं मान हलवली. "भ्रम झालाय," तो स्वतःशीच म्हणाला आणि मास्तरांना काखेत धरून खेचू लागला. चिखलानं एक बूट ठेवून घेतला आणि मास्तर सोडले. क्षणभर मास्तर खूश झाले. पण पाय मोकळे होतात न होतात तोच ते स्ट्रेचरवर आडवे झाले आणि पट्टा आवळला गेला.

"अरे, सोड! मला पोचायचंय! मी नाही पोचलो तर टीम जाईल!"

"पोचवतो, काका. पाच मिनिटांत हॉस्पिटल."

स्ट्रेचरवरून मास्तरांना काठावरची अँब्युलन्स दिसली. ती उताराकडे अगदी हळू, गुपचूप सरकत होती. "हँडब्रेक!" मास्तर गरजले. "हँडब्रेक ओढ, गाढवा!"

ड्रायव्हर दचकून आत चढला, खटका ओढला आणि डोकं बाहेर काढून बघत राहिला. चेहऱ्यावर चिखल होता, पण तो आवाज? त्या आवाजाच्या धाकानं तो तीनदा परीक्षेत नापास झाला होता. "अरे, हे तर आमचे मास्तर!"

"नंबर टेलरचा आहे," अटेंडंट म्हणाला. "मला हा नंबर उचलून आणायला सांगितलंय. आत कोण आहे ते मी कशाला बघू?"

मास्तरांनी मान उचलून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. उलटा नंबर, वर चष्मा नाही. काहीतरी काळं काळं दिसलं. टेकडीपलीकडून टाळ्यांचा आवाज येत होता. पुढचे पोचायला लागले होते. ते तिघंही पोचतील, दोरापाशी उभे राहतील, आपल्याला हाका मारतील. आणि आपण पाच मिनिटांत हॉस्पिटलला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चिखलामुळे ते कोणाला कळलं नाही.

"काय चाललंय हे?" काठावरून आवाज आला. हातात पिशवी, पदर खोचलेला, धापा टाकत मास्तरीणबाई उभ्या होत्या. "सोडा त्यांना."

"बाई, पेशंट आहेत."

"पेशंट नाहीत, आमचे हे आहेत. धडधाकट आहेत. एवढेच धावतात ते."

"असतील. पण आता शर्यत संपतच आलीय, शेवटचेच राहिलेत हे. काय फरक पडतो?"

मास्तरीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. "फरक पडतो. नीट ऐका. टीममध्ये चार असतात. तीन पुढे गेलेत. पण हे चौथे आहेत. हे पोचले नाहीत तर ते तिघं जिवाच्या आकांतानं धावले तरी त्यांना कोणी मोजत नाही. पहिला मागे पडला तर टीम मागे पडते, चौथा थांबला तर टीमच राहत नाही. चमचे असते तर मांडून दाखवलं असतं तुम्हाला. आता काढा तो पट्टा."

अटेंडंट बघतच राहिला. मास्तर त्याहून जास्त बघत राहिले. आमटीच्या वाफेत इतकी वर्षं विरून गेलं असं त्यांना वाटत होतं, ते सगळं जसंच्या तसं तिच्यापाशी होतं.

"अगं, तुला कळत होतं?" ते पडल्या पडल्या म्हणाले.

"न कळायला काय झालं? इतकी वर्षं तेच सांगताय. मला वाटायचं, हरल्याचं वाईट वाटतं म्हणून सांगता." मग हळूच म्हणाल्या, "वाईट नव्हतं वाटत, होय?"

"कधीच नाही."

तरीही अटेंडंटनं नियम म्हणून डॉक्टरला व्हिडिओवर फोन लावला. पडद्यावर टेलरची मुलगी दिसली. "बाबा!" म्हणाली आणि पडद्याजवळ वाकली. "काका? तुम्ही? मग बाबा कुठे आहेत?"

मास्तर मैत्रीला जागले. "असेल इथेच मागेपुढे. चालत असेल हळूहळू."

"एक मिनिट." ती दुसरीकडे काहीतरी बघत होती. "काका, तुमचा ठिपका आत्ता पोचला. तिसरा." मग ती इतक्या शांतपणे बोलली की फोन धरणाऱ्या अटेंडंटनंही पाठ ताठ केली. "नंबर कोणी लावले होते?"

"तू रागावू नकोस हं, पोरी."

"काकांना सोडा. अँब्युलन्स त्यांच्या मागे ठेवा. मी तिकडे येतेय. आणि बाबांना अजिबात कळवू नका."

पट्टा सुटला. मास्तर एका बुटानं पळत सुटले. मागून पहिल्या गिअरमध्ये अँब्युलन्स निघाली आणि तिच्यात ड्रायव्हरशेजारी, पिशवी मांडीवर घेऊन मास्तरीणबाई बसल्या. अशा तऱ्हेनं त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदा धावताना पाहिलं, आणि तेही चांगल्या जागेवरून, काचेतून, शेवटपर्यंत. मास्तर मध्येच हात बाहेर काढून वळण्याची खूण करायचे. "क्लच हळू सोड!" असं मागे न बघता ओरडायचे. "गाडी चिकटवू नकोस, अंतर ठेव!" आणि अँब्युलन्स निमूटपणे अंतर ठेवायची.

टेकडी उतरताच समोर दोर दिसले, आणि दोरापलीकडे हिरव्यावर पिवळ्या फुलांचे तीन बनियन. "ये रे! ये! तू आलास की झालं!" आवाज घोगरे झाले होते, एकाला तर मध्येच खोकला आला, पण शब्द तेच होते. मास्तर दोरांच्या मधून गेले, रेषा ओलांडली आणि टेलरच्या गळ्यात पडले. टेलर त्यांना थोपटत होता. मग त्याला खांद्यावरून अँब्युलन्स दिसली, तिच्या मागे रिक्षा दिसली आणि रिक्षातून उतरणारी मुलगी दिसली. त्याचं थोपटणं थांबलं.

"मी चालतच होतो," तो आधीच म्हणाला.

"चालत तिसरे आलात?"

"बाकीचे फारच हळू होते गं."

तिनं स्टेथोस्कोप कानाला लावला आणि पिवळ्या फुलांवर टेकवला. पोस्टमन, बँकवाला, मास्तर सगळे श्वास रोखून उभे. बराच वेळ ऐकून तिनं नळ्या काढल्या. "ठणठणीत चाललंय," ती रागानं म्हणाली. ते ठणठणीत चाललंय याचाच तिला जास्त राग आला असावा. मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा धावायचं असेल तर मला सांगून धावायचं. चोरून नाही."

सगळी वरात निकालाच्या टेबलाकडे गेली. टेबलावरच्या बाईंनी दोघांचे नंबर बघितले, दोघांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि मास्तरांना म्हणाल्या, "म्हणजे तिसरं पदक यांचं, तुमचं नाही? तुमच्या नावावर लागलंय. घोषणाही झाली. तुम्ही दोघांनी लेखी दिलं तर बदलेन. पण नीट विचार करा, मग तुम्ही शेवटी जाल."

"तेच पाहिजे," मास्तर म्हणाले.

"शेवटचा नंबर?"

"माझा आहे तो. द्या परत."

दोघांनी लिहून दिलं. पदक टेलरच्या गळ्यात पडलं आणि तिथून लगेच मुलीच्या पर्समध्ये गेलं. टीम मोजली गेली. मास्तर छाती काढून उभे राहिले. आज बायकोसमोर, साऱ्या जगाच्या म्हाताऱ्यांमध्ये, आपण शेवटचे!

बाईंनी कागद पुढे सरकवला, मग थबकल्या. "थांबा. तुम्ही शेवटचे नाही."

"काय?"

"एक जण यायचाय अजून. परदेशी आहे. त्याची टीम थांबलीये तिकडे." दोरापाशी लाल बनियनातले तीन गोरे म्हातारे माना उंचावून टेकडीकडे बघत उभे होते.

"माझ्या मागे कोणी नव्हतं," मास्तर दुखावल्यासारखे म्हणाले.

अँब्युलन्सचा ड्रायव्हर पुढे आला आणि डोकं खाजवू लागला. "मास्तर, मी ओढ्यापाशी गाडी लावली होती ना, तिथं वाट दाखवायची पाटी होती. ती झाकली गेली असेल. हा मागून आला आणि भलतीकडे वळला असेल."

"गाडी कुठे लावायची हे मी तुला शिकवलं नव्हतं?" मास्तर कडाडले. हातातोंडाशी आलेला शेवटचा नंबर गेला याचं दुःख त्यांच्या आवाजात स्पष्ट होतं.

तेवढ्यात टेकडीच्या भलत्याच बाजूनं एक लाल ठिपका उगवला. कंबरेपर्यंत चिखल, लंगडत, एका हातानं बरगडी धरून, बिचारा येत होता. लोक पांगले होते. दोर धरणारे दोघंजण वेटोळी घालायला लागले होते.

"अहो, थांबा! गुंडाळू नका!" मास्तरीणबाई ओरडल्या. पिशवी मास्तरांच्या हातात कोंबून त्या धावतच दोरापाशी गेल्या, त्या तीन लाल बनियनांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर करून, आपल्या भाषेचं एक अक्षर त्या माणसाला कळणार नाही याची पर्वा न करता, जिवाच्या आकांतानं हाका मारू लागल्या, "या! या! तुम्ही आलात की झालं!"

त्या माणसानं मान वर केली आणि पाय उचलला. मास्तरांनी पिशवी काखेला लावली आणि तेही जाऊन बायकोच्या शेजारी उभे राहिले.